न मरणारा मासा

“चंदना, मासं वर तोंड करून बघायलेत. काय पाहिजे त्यांस्नी बघ जरा!” आत्तींनी परड्यातून हाक मारली.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शन करून आल्या की त्या मागच्या परड्यात हौदाच्या कडेला पाटावर बसायच्या आणि माशांना भिजवलेला कोंडा घालायच्या. मी चहाचं आधण तसंच ठेवून बाहेर गेले. हौदात पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती तोंडं, उघडणारी आणि मिटणारी.

“भूक लागलीय वाटतं,” आत्ती म्हणाल्या.

“भूक नाही आत्ती. पंप बंद आहे. पाण्यात हवा राहिलेली नाही.”

“मग लाव की पंप.”

“लाईट कुठे आहे?”

लाईट पहाटेच गेली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट जाणं ही काही बातमी नव्हे, त्यामुळे मीही कूस बदलून झोपले होते. पण रोज तासाभरात यायची, आज उन्हं आली तरी पत्ता नव्हता.

“हे कुठे गेले?”

“डीपीकडं पळालाय. पायात चप्पल बी न्हाई घातली.”

मी दारापर्यंत धावले. खरं सांगते, माशांसाठी नव्हे. मासे गेले असते तर मी चार दिवस हळहळले असते आणि पाचव्या दिवशी कामाला लागले असते. माझा जीव अडकला होता तो अनवाणी पळत गेलेल्या माणसात.

भरतेश माझे मिस्टर. घरात मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. ‘अहो’ आणि ‘हे’ यावरच आमचा संसार झाला. इथे मात्र नाव लिहिते, नाहीतर गोष्ट पुढे सरकायची नाही. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. महापुराच्या वर्षी घरात छातीभर पाणी होतं. घर टिकलं, माणसं वाचली, गोठ्यातल्या म्हशी तेवढ्या गेल्या. ज्याचं काही गेलं नाही असं घरच गावात नव्हतं. लोकांनी चिखल उपसला, नशिबाला शिव्या घातल्या आणि जो तो पुन्हा आपापल्या कामाला लागला. भरतेश तेवढे लागले नाहीत. त्यांनी कॉटवर भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवायला हाक मारली की उठायचे, दोन घास चिवडायचे आणि परत भिंत. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी झोप आली, माणूस काही उठलं नाही. शेत चुलतदिरांकडे कसायला दिलं. घरातलं ते वातावरण बघून आमची पोर बोलेनाशी झाली, तेव्हा तिला मी शिकायला माझ्या माहेरी ठेवली. रडले, भांडले, लाडीगोडी केली, एकदा तर रागाने त्यांच्या अंगावरची चादर ओढून बाहेर फेकली. ते उठून ती घेऊन आले आणि पुन्हा पांघरून झोपले. अशा माणसाशी भांडणार तरी किती?

असं वर्ष गेलं. मग एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “परड्यात जरा जागा मोकळी केली पाहिजे.”

माझ्या हातातली परात खाली पडली. “कशाला?” असं विचारायचीही मला भीती वाटली. न जाणो, विचारलं म्हणून परत जाऊन झोपतील!

पडल्या पडल्या ते मोबाईलवर व्हिडिओ बघत असत. त्यात कुणीतरी घरच्या घरी मासे आणि भाजी एकत्र वाढवत होता. त्याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. खाली हौदात मासे. माशांच्या घाणीचं पाणी पंपाने वर चढवायचं, खडी भरलेल्या वाफ्यात सोडायचं. त्या घाणीवर भाजी वाढते आणि चाळून निघालेलं पाणी पुन्हा खाली माशांना. माती नको, खत नको.

“म्हंजे माशाचा मळा,” आत्तींनी एका वाक्यात निकाल लावला. घरात तेच नाव पडलं.

भरतेशांनी स्वतः वीट रचून हौद बांधला. निळे ड्रम उभे कापून त्यांचे वाफे केले, खडी धुऊन भरली, पाईप जोडले. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा वाफा भरून सगळं पाणी आत्तींच्या पापडांवर गेलं. आत्ती तोंड भरून बोलल्या आणि भरतेश हसले. वर्षाने हसले. मी आत जाऊन डोळे पुसून आले. पापड काय, पुन्हा लाटता येतात.

मासे आणायचे म्हणून यल्लाप्पा भोयाला बोलावलं. तो बाजारात मासे विकायचा. आमच्यासारख्या जैनाच्या घरात त्याचं कधी काम पडलं नव्हतं, त्यामुळे तो बिचारा दारातच घुटमळत राहिला.

“सगळ्यात चिवट मासा कुठला?” भरतेशांनी विचारलं.

“चिलापी. डबक्यात टाका, गटारीत टाका, मरतच न्हाई बघा.”

“मरतच नाही?”

“मारल्याबिगार न्हाई.”

“मग तोच द्या.”

“खानार कोन पर?”

“कोणी नाही.”

“मग इकनार?”

“नाही.”

“अवो मालक, मग वाढल्यावर करनार काय त्याचं?”

“सांभाळणार,” भरतेश म्हणाले.

यल्लाप्पाने माझ्याकडे बघितलं. मी दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. नवरा उभा राहिलाय, चालतोय, बोलतोय. त्याने हत्ती पाळतो म्हटलं असतं तरी मी माहूत शोधायला निघाले असते.

दुसऱ्या कुणी रोहू घेतला असता. तो नाजूक, पण हौदात पिल्लं घालत नाही. आपल्या हातून जीव जाऊ नये म्हणून आम्ही न मरणारा मासा निवडला, आणि जो मरत नाही तो वाढतो, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

त्यात आत्तींचे नियम. यल्लाप्पाने माशांच्या खाद्याचं पोतं आणून दिलं, त्यात सुकटीची भुकटी असते असं कळल्यावर आत्तींनी ते उंबऱ्यातूनच परत पाठवलं. “आमच्या घरात ऱ्हायाचं तर आमच्यागत खायाचं,” म्हणाल्या. मग कोंडा, भिजवलेली शेंगपेंड, भाकरीचा चुरा. पेंडीने पाणी लवकर खराब होतं, पण धर्म सांभाळायचा म्हटल्यावर इलाज नव्हता. दिवस मावळला की माशांनाही घास मिळत नसे. आम्ही दिवे लागायच्या आत जेवतो, तर माशांनी का जागून खावं?

एके दिवशी आत्ती बोंब मारत आत आल्या. “आगं, ती मासोळी पिल्लं गिळायली! पोटची पिल्लं!”

भरतेशांनी त्यांना हाताला धरून परत नेलं. “थांब, बघ आता,” म्हणाले. थोड्या वेळाने मादीने तोंड उघडलं आणि एवढुशी पिल्लं भसाभस बाहेर आली. कुठे हालचाल झाली की पुन्हा तोंडात. पिल्लं मोठी होईपर्यंत ती त्यांना तोंडात धरून असते आणि तेवढे दिवस स्वतः काही खात नाही, असं भरतेशांनी सांगितलं. आत्ती कितीतरी वेळ तिथून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पाट हौदाच्या कडेला गेला तो तिथेच राहिला.

वाफ्यात पालक असा माजला की गल्लीत वाटला. पण पिल्लांना पिल्लं झाली आणि हौद भरत चालला. भरतेशांनी एक भिंत पाडून हौद वाढवला, तोही भरला. आम्ही माशांसाठी जागा शोधायला लागलो. विहिरीवाले म्हणाले, प्यायच्या पाण्यात नको. शेततळ्यावाले म्हणाले, चिलापी सोडली तर आमचे मासे संपतील. बस्तीतल्या उपाध्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “पाळलेत ना? मग शेवटपर्यंत पाळा.” राहिली नदी. मी एकदा नुसतं “नदीत सोडले तर” म्हटलं. भरतेश ताटावरून उठून गेले. महापुरानंतर त्यांनी नदीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

होळीच्या सुमाराला यल्लाप्पा आला. हौदात वाकून बघितलं आणि मान हलवली.

“मालक, निम्मं मला द्या. न्हाईतर एक दिस लाईट जाईल आनि समदंच जाईल.”

“बाजारात नेणार?”

“मग काय पूजा करनार?”

“नको मग,” भरतेश म्हणाले.

आणि आज, उन्हाळ्यातल्या या सकाळी, तीच लाईट गेली होती.

भरतेश डीपीकडून परत आले ते घामाने डबडबून. तळपायातून रक्त येत होतं, त्यांना पत्ता नव्हता.

“डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळालाय,” म्हणाले. “वायरमन म्हणतोय, दुसरा आणायला संध्याकाळ होईल. कदाचित उद्या.”

“मग आता हो?”

“पाणी ओत. उंचावरून ओत. पाणी फुटलं की हवा मिसळते.”

आम्ही ओतायला लागलो. हौदातलंच पाणी बादलीत घ्यायचं, डोक्याच्या वर न्यायचं आणि परत हौदात ओतायचं. नवीन पाणी कुठून आणणार, बोअरलाही लाईटच लागते. आत्तींना बादली झेपेना, त्या तांब्याने ओतत होत्या. जिथे पाणी पडे तिथे मासे गर्दी करत, एकमेकांच्या अंगावर चढत. बाकीच्या हौदात तोंडं तशीच उघडी. एवढ्या तोंडांना माझी एक बादली कुठे पुरणार? तरी ओतत होते. थांबले तर भरतेशांकडे बघावं लागलं असतं.

उन्हं डोक्यावर आली तसे काही मासे कुशीवर व्हायला लागले. पांढरी पोटं दिसायला लागली. भरतेशांनी बादली टाकून दिली, कपड्यांसकट हौदात उतरले आणि दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागले. तोंडाने काहीतरी बोलत होते. मला वाटलं, मंत्र म्हणतायत. जवळ जाऊन ऐकलं तर म्हणत होते, “थांबा, थांबा, थांबा.”

मंत्र आत्तींनी सुरू केला. आमच्यात माणूस जायला लागलं की त्याच्या कानाशी णमोकार म्हणतात, पुढची गती चांगली मिळावी म्हणून. आत्तींनी तांब्या खाली ठेवला, काठावरून खाली वाकल्या आणि पाण्याला तोंड लावून माशांना णमोकार ऐकवायला लागल्या. म्हणजे आत्तींनी आशा सोडली होती.

“आई, गप्प बस!” भरतेश ओरडले. “अजून जिवंत आहेत ती!”

आत्ती थांबल्या नाहीत.

मी आत गेले आणि यल्लाप्पाला फोन लावला. कुणाला विचारलं नाही. नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता आणि सासूला विचारायची हिंमत नव्हती.

तो टेम्पो घेऊन आला. टेम्पोत पाण्याचे ड्रम, बर्फाची लादी, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. हौदाकडे एक नजर टाकून तो म्हणाला, “लई उशीर केलासा. आता बोलत बसू नका. माझ्या ड्रमात बसतील तेवढी नेतो. गर्दी कमी झाली तर मागची कदाचित ऱ्हातील.”

“जिवंत राहतील तुमच्याकडे?” मी विचारलं.

“मिरजेपतूर ऱ्हातील, वहिनी. फुडचं तुमास्नी ठावंच हाय.”

भरतेश हौदाच्या मध्यभागी छातीएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी दोन्ही हात पसरले. “कोणी यायचं नाही,” म्हणाले.

“मालक, बाहेर या. मला जाळं टाकू द्या.”

“नाही.”

“अवो, हितं बी मरायलेतच की!”

“हितं मी आहे,” भरतेश म्हणाले. “मी असताना मरतील. मी कुठे सोडून गेलेलो नाही.”

मला ते वाक्य तेव्हा कळलं नाही. यल्लाप्पालाही कळलं नाही. आत्तींनी मात्र मंत्र थांबवला आणि मुलाकडे बघितलं. गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, कंबर धरून सरळ झाल्या.

“भरतेश, दे.”

“तू म्हणतेस आई? तू?”

मुंगी चिरडू नये म्हणून वाट झाडून चालणारी ती बाई. जिने आयुष्यात अंड्याचं टरफल हातात धरलं नव्हतं. “व्हय, मी सांगते,” त्या म्हणाल्या. “पाप लागायचं असंल तर मला लागू दे. दे ती.”

“कुठली देऊ?” भरतेशांचा आवाज फाटला. “तू सांग! कुठली देऊ आणि कुठली ठेवू? चंदना, तू सांग!”

मी बादली धरून उभी होते. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं, की हो म्हटलं तरी माझा माणूस जातोय आणि नाही म्हटलं तरी जातोय.

यल्लाप्पा पुढे झाला. हळू आवाजात म्हणाला, “मालक, निवडायचं नसतं. जाळ्यात यील त्ये यील.” आणि त्याने जाळं टाकलं.

भरतेशांनी अडवलं नाही. जाळं त्यांच्या अंगावरून सरकत गेलं, तडफडते मासे त्यांच्या छातीला घासत वर गेले, तरी ते तसेच उभे. जाळं पुन्हा पुन्हा पडलं. ड्रम भरले. यल्लाप्पाने ड्रमात बर्फ टाकला, पंप लावला. पैशाचं नाव त्यानेही काढलं नाही, आम्हीही नाही. जाताना आत्तींना लांबूनच हात जोडले. टेम्पो गल्लीच्या वळणावर गेल्यावर भरतेश हौदातून बाहेर आले, ओल्या कपड्यांनी घरात गेले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले.

ज्याला मी इतके दिवस भीत होते, ते झालं. मी सुकं धोतर नेऊन ठेवलं, चहा ठेवला. धोतराला त्यांनी हात लावला नाही. चहावर साय धरली.

मागे राहिलेल्या माशांसाठी मी आणि आत्ती ओतत राहिलो. गर्दी कमी झाली होती, वाटलं, वाचतील. पण पाणी पार नासलेलं होतं आणि उन्हाने तापलेलं होतं. कलत्या उन्हाला एकेक करून सगळे वर आले. वाफ्यातला पालक तेवढा सकाळसारखाच टवटवीत होता. मला त्याचा इतका संताप आला की मी मूठभर उपटून फेकला.

मग आत गेले. त्यांना सांगायचं कसं, याचा विचार करत कॉटच्या कडेला टेकले.

“गेले?” त्यांनीच विचारलं.

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

ते भिंतीकडे बघतच म्हणाले, “पाण्यात बुडून मरणार नाही असा एकच जीव मला माहीत होता. म्हणून मासे आणले होते.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा अजून ओलाच होता.

“मी दावी सोडली नव्हती, चंदना.”

“कसली दावी?”

“म्हशींची.”

महापुराच्या त्या दुपारी बोट दारात आली, तेव्हा भरतेश म्हशी सोडायला मागे गोठ्यात गेले होते. परत येऊन बोटीत बसले आणि म्हणाले, सोडल्या, पोहत उंचावर जातील. पाणी उतरल्यावर सगळ्यांच्या आधी तेच गोठ्यात गेले. म्हशी तिथेच सापडल्या. सोडल्या होत्या पण बाहेर पडल्याच नाहीत, बिचाऱ्यांना वाट सुधरली नसेल, असं आम्ही धरून चाललो. गावात आणखी कितीतरी गोठ्यांत तसंच झालं होतं.

“दारापर्यंत गेलो होतो,” ते सांगत होते. “आत गळ्याएवढं पाणी होतं. मला पोहता येत नाही. चौघीही नाकपुड्या वर करून माझ्याकडे बघत होत्या. आवाज नाही, काही नाही, नुसत्या बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, आला आता, सोडवेल. मी मागे फिरलो. नंतर सगळ्यांच्या आधी गेलो आणि विळ्याने त्यांच्या गळ्यातली दावी कापली. तुम्हाला कळू नये म्हणून.”

तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं म्हणावं, तर ते खरं होतं. पण तसं म्हटल्याने काहीही हलकं होणार नव्हतं. वर्षभर मी या माणसाची चादर ओढत होते, आळशी म्हणत होते, भित्रा म्हणत होते. भित्रा हा शब्द आता परत घेता येणार नव्हता.

“आईला सांगू नको,” ते म्हणाले. “तिला सहन होणार नाही.”

“आईला ठावं हाय,” दारातून आवाज आला.

आत्ती चौकटीला धरून उभ्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

भरतेश एकदम उठून बसले. “काय ठावं हाय?”

“तू कापलीस ती गळ्याकडची. खुंट्याकडच्या गाठी तशाच हुत्या, चारी. सोडलं असतंस तर गाठ ऱ्हाईल व्हय रं खुंट्याला?” आत्ती सावकाश आत आल्या. “तू चिखल काढायला अंगणात गेलास, तवा मी गोठ्यात गेले. चारी गाठी सोडल्या. वल्ल्या हुत्या, सुटंनात. दातानं सोडल्या. वाळवल्या आन् बंबात घातल्या. म्या बी कुनाला कळू दिलं न्हाई.”

“आणि मला बोलली नाहीस? दोन वर्षं?”

“तू बोलशील, तू बोलशील म्हनून बसले. मी आधी बोलले असते तर तू तोंड कुठं लपवलं असतंस? भिंत बी पुरली नसती तुला.”

भरतेशांनी आईकडे बघितलं आणि त्यांना रडू फुटलं. पुरुषमाणसाला असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं. लहान पोरासारखं, तोंड वासून, आवाज करून. आत्तींनी त्यांना जवळ घेतलं नाही. त्या खाली फरशीवर बसल्या आणि पदराने आपले हात पुसत राहिल्या.

मग म्हणाल्या, “ऊठ. दिस मावळायच्या आत मासं पुरायचेत.”

“मला उठवत नाही, आई.”

“बरं,” आत्ती म्हणाल्या. “मग मी बी बसते.”

मीही त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. काय करायचं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. परड्यात खड्डा खणायचा होता, घमेली भरायची होती. पण एकाचेही हात चालेनात. खिडकीतून परड्यातला वास यायला लागला होता.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. लाईट आली होती. मागून खळखळ आवाज आला. हौदातला पंप आपोआप सुरू झाला होता आणि पाणी वर पालकाच्या वाफ्यात पडत होतं. आम्ही तिघं तो आवाज ऐकत बसलो. बंद करायला कोणी उठलं नाही.